घरामागची शाळा

घर अजून लागलं नव्हतं. खोकी फोडायची होती, पडदे लावायचे होते, स्वयंपाकघरात दोन पातेली आणि एक तवा एवढाच संसार मांडला होता. पण परदेशातल्या त्या नव्या घराच्या भिंतीवर फिटरने पट्टीने रेघा मारलेला कागद मात्र पहिल्याच आठवड्यात चिकटवला. कागदावर तीन शाळा होत्या. पहिली घराच्या अगदी मागे, दुसरी मोठ्या रस्त्यापलीकडे, तिसरी दोन बस बदलून. पुढे रकाने: अंतर, वर्गात मुलं किती, निकाल, इमारत, लोक काय म्हणतात.

बायको म्हणाली, "अहो, शाळा बघताय की मशीन विकत घेताय?"

"मशीन बिघडलं तर बदलता येतं," फिटर म्हणाला. "पोरींची वर्षं बदलता येत नाहीत."

वाक्य झोकदार होतं. पुढे ते त्याच्याच घशात अडकायचं होतं, पण त्या दिवशी ते कुणाला माहीत!

घराबाहेर सगळे त्याला फिटरच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे टनांनी धुऊन निघतात अशा एका धुलाई कारखान्याने त्याला बोलावून घेतलं होतं, आणि ते त्याच्या कानासाठी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो चालत्या यंत्राला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पलीकडच्या बाजूचं बेअरिंग. आठ दिवस काढेल, नववा नाही." नवव्या दिवशी ते बेअरिंग हमखास जायचं. यंत्राच्या पोटातलं दुखणं ओळखणारा असा माणूस, आणि त्याच्या थोरल्या मुलीला कमी ऐकू येत होतं. नशिबाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं.

थोरली सात वर्षांची. लहानपणी तिचा कान वाहायला लागला तो वर्षभर वाहत राहिला. थांबला तेव्हा डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही आणि उजव्याने निम्मंअर्धं, एवढंच हाती राहिलं होतं. कुणी बोलायला लागलं की ती मान वाकडी करून उजवा कान पुढे करायची आणि डोळे बोलणाऱ्याच्या ओठांवर लावायची. ते पाहून आईने तिचं नाव ठेवलं खारू. धाकटी चार वर्षांची, ती भिंगरी. एका जागी कधी बसली नाही म्हणून भिंगरी. घरात खारूचं काही अडायचं नाही. घरातली मराठी तिला ओठांवरून पाठ होती. 'जेवायला चला', 'बूट कुठेत', 'आधी हात धू' हे ओळखायला कान लागतच नाहीत.

तर फिटर सगळ्या लवाजम्यासह पहिली शाळा बघायला गेला. जायचं काय, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं पटांगण दिसायचं. ठेंगणी इमारत, भिंतींवर मुलांच्या हाताचे रंगीत ठसे. बायकोला शाळा बघताक्षणी आवडली. एका वर्गात शिक्षिकेच्या गळ्यात दोरीला अडकवलेला छोटा माइक होता आणि समोरच्या पाच-सहा मुलांच्या कानांमागे बोटाच्या पेराएवढी यंत्रं बसवलेली होती. एका मुलीचं निळं होतं. खारू तिच्याकडे आणि ती खारूकडे बघत राहिली. मग त्या मुलीने आपलं यंत्र काढून, तळहातावर ठेवून, खेळातली गाडी दाखवावी तसं खारूला दाखवलं. खारू हसली. ते हसू खरं होतं.

फिटरने खारूचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं.

"ही नको," तो म्हणाला.

"अहो, पण..."

"तशा मुलांची शाळा आहे ती. एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसायचा नाही. ही काय तशी आहे?"

फिटर निर्दयी होता असं कुणी समजू नये. मायदेशात खारूला पहिल्यांदा शाळेत घालायला नेलं तेव्हा त्याने सगळं खरं सांगितलं होतं, अगदी डॉक्टरांचे कागद टेबलावर ठेवून. बाईंनी कागद न उघडताच परत सरकवले होते. "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात हो. आमच्या बाकीच्या मुलांचं नुकसान का करायचं?" खारू तेव्हा खुर्चीवर बसून पाय हलवत होती आणि बाईंच्या ओठांकडे बघत होती. तिला किती कळलं हे फिटरने कधी विचारलं नाही. पुढच्या शाळेत तो कागद घरी ठेवून गेला, आणि प्रवेश मिळाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं फिटरचं झालं होतं. फक्त हे ताक होतं, आणि थंडगार होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. म्हणजे बायको सांगत होती, पण बायकोचं ऐकायचं ही पद्धत कुठल्या घरात असते?

ऐकायला त्याला कारखान्यातले माहितगार होते. आपल्याकडचेच गृहस्थ, त्या देशात पंधरा वर्षं काढलेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण शाळांचा अभ्यास दांडगा. "तिसरी," ते इस्त्रीच्या रुळांच्या गोंगाटात ओरडले. "डोळे मिटून तिसरी! निकाल बघा. आणि हे बघा, फॉर्मवर दुखणीबिखणी काही लिहायची नाहीत. इथे सगळं कागदावर चालतं. एकदा कागदावर आलं की व्हिसाच्या वेळी बाहेर निघतं. सगळं खानदान परत."

यात खरं किती हे माहितगारांनाही माहीत नव्हतं. पण भीतीला पुरावा लागत नाही.

रविवारी दुपारी मुली शेजारच्या खोलीत रिकाम्या खोक्यांचं घर करून खेळत होत्या तेव्हा तिसऱ्या शाळेचा फॉर्म भरला गेला. नवव्या प्रश्नाशी फिटरचं पेन थांबलं. मुलाला ऐकण्याचा, पाहण्याचा किंवा बोलण्याचा काही त्रास आहे का? पुढे दोन चौकटी, आहे आणि नाही.

"लिहा ना खरं," बायको म्हणाली. आपल्याकडे ती औषधांच्या दुकानात काम करायची, दुखणं लपवलं की चुकीचं औषध हातात पडतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "त्यांनी विचारलंय म्हणजे काहीतरी करत असतील म्हणूनच ना?"

"बाहेर काढायला विचारतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडली तर?"

फिटरने 'नाही'च्या चौकटीत खूण केली. खूणही कशी, टोकदार आणि सरळ, कारखान्यात सुटा भाग तपासून झाल्यावर करायचा तशी. मग त्याने खारूला हाक मारली, समोर बसवलं आणि तिला नीट दिसावेत म्हणून ओठ हलवत सावकाश सांगितलं, "हे बघ. वर्गात डावीकडच्या रांगेत बसायचं, म्हणजे बाई तुझ्या उजव्या बाजूला येतील. नाही कळलं तर घाबरायचं नाही. हसायचं आणि मान हलवायची. बस्स. आणि कानाचं कुणाला सांगायचं नाही. कुणाला म्हणजे कुणाला."

"भिंगरीला?"

"तिलाही नाही. आपलं दोघांचं गुपित."

बापाशी गुपित म्हणजे केवढा मान! खारूने तिथल्या तिथे हसून मान हलवून दाखवली, आणि फिटर खूश झाला.

दुसऱ्या महिन्यात शाळेतून चिठ्ठी आली की सगळ्या नव्या मुलांच्या कानांची तपासणी होणार आहे. चोराच्या मनात चांदणं; फिटरला वाटलं, आपल्यावरच टपून बसलेत. पण घाबरून बसणाऱ्यातला तो नव्हता. गोंगाटात काम करणाऱ्यांची असली तपासणी कारखान्यातही व्हायची आणि ती कशी असते हे त्याला ठाऊक होतं. कानांवर हेडफोन चढवतात, समोर नर्स बटण दाबते, बारीक शिट्टी वाजली की हात वर करायचा. संध्याकाळी त्याने जेवणाचं टेबल मोकळं केलं, स्वतः नर्स झाला, हिवाळी कानपट्टी हेडफोन म्हणून खारूच्या डोक्यावर चढवली.

"ऐकायचा प्रयत्नच करू नकोस," तो म्हणाला. "माझ्या मनगटाकडे बघ. बोट दाबलं की ही शीर हलते. हलली की एक श्वास थांबायचं, मग हात वर. लगेच केलास तर संशय येईल."

बायको भांडी विसळत होती. ती वळली नाही. पण नळ मोठा करून ठेवला होता, एवढ्या भांड्यांना लागत नाही इतका.

खारू पास झाली. दोन्ही कान चोख, असा कागद आला. फिटरने तिला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. हुशारीच होती ती, नाही कोण म्हणतो? सात वर्षांच्या पोरीने परक्या देशातल्या शिकलेल्या नर्सला फसवलं होतं. तेवढी हुशारी खरी शिकण्याकडे लागली असती तर, हा विचार फिटरला दोन वर्षांनी यायचा होता.

त्या दोन वर्षांचं काय सांगायचं? भिंगरीने सहा महिन्यांत ती भाषा अशी उचलली की स्वप्नातही तीच बडबडायला लागली. खारूला ती भाषा आलीच नाही. ओठांवरून वाचायचं तर शब्द आधी माहीत हवा, आणि शब्द माहीत व्हायचा तर तो आधी ऐकू यायला हवा. शेजारणीने जे पान उघडलं ते ती उघडायची. सगळे हसले की हसायची. एकदा वर्गात सांगितलं होतं की उद्या रंगकाम आहे, जुने कपडे घालून या. खारू आपला सगळ्यांत चांगला पांढरा फ्रॉक घालून गेली आणि रंगाने माखून आली. "मज्जा आली," ती म्हणाली. आईने फ्रॉक भिजत घातला. तो पुन्हा पांढरा झाला नाही.

सकाळी पहिल्या बसमध्ये ती खिडकीशी बसायची. घराच्या मागचं पटांगण आधी लागायचं. निळ्या यंत्राची मुलगी तिथे धावताना दिसली की खारू काचेतून हात करायची. फिटर सोबत असला की तो त्याच वेळी दुसरीकडे काहीतरी दाखवायचा.

घरातही तिचं बोलणं कमी होत गेलं. भिंगरी बोलायची, खारू मान हलवायची. सुरुवातीला फिटरला ते शहाणपण वाटलं. पोर मोठी होतेय, गंभीर होतेय, असं तो माहितगारांना सांगायचा. यंत्राचा आवाज कमी झाला की फिटर लगेच खाली वाकून बघायचा. मुलीचा आवाज बंद पडत चालला होता, आणि हा मात्र त्याला गुण म्हणत होता.

मग शाळेने दोघांना बोलावलं.

वर्गशिक्षिका प्रेमळ होती आणि तेच जड गेलं. "मुलगी फार गोड आहे," ती म्हणाली. "कधी त्रास नाही. नेहमी हसते. पण दोन वर्षांत ती काहीच शिकलेली नाही. आम्ही पुष्कळ विचार केला. भाषा नवी म्हणावं, तर धाकटीला ती कधीच आली. कान तपासलेत, ते चोख आहेत. तेव्हा अडचण तिच्या समजेतच असावी." तिने एक कागद पुढे केला. खारूला दोन वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात बसवायचं होतं, आणि नंतर ज्यांची बुद्धी मंद आहे त्यांच्या तुकडीत.

आतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते फिटरला पक्कं ठाऊक होतं. त्यानेच ते पुसून, वरून रंग देऊन झाकलं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. त्याच्या मुलीला त्याच्यासमोर मंद ठरवलं जात होतं, आणि ते थांबवायचं तर आपण खोटं बोललो हे सांगावं लागणार होतं, आणि तो माणूस, मशीनच्या पट्ट्यात हात घालायला न भिणारा तो माणूस, म्हणाला, "विचार करून सांगतो."

तेव्हा बायको उठून उभी राहिली. तिला ती भाषा बाजारापुरती यायची. तिने स्वतःचा डावा कान धरला. "हा नाही," ती म्हणाली. मग उजवा धरला. "हा अर्धा. लहानपणापासून. मुलगी हुशार. खूप हुशार. आम्ही खोटं." आणि तिथेच, शिक्षिकेच्या टेबलावर दोन्ही हात टेकून, ती रडायला लागली.

शिक्षिकेने कपाट उघडून जुना फॉर्म काढला, नववा प्रश्न शोधला आणि खुणेवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"माझी," फिटर म्हणाला.

ती रागावेल, ओरडेल, परत पाठवायच्या कचेरीला फोन लावेल, असं त्याला वाटलं. तिने नुसता फॉर्म जवळ ओढून घेतला. मग तिने वरचा पत्ता वाचला. "तुम्ही इथे राहता? तुमच्या घरामागेच तर ती शाळा आहे. अशा मुलांसाठी इतकी चांगली सोय आसपास कुठेच नाही. लांबलांबून मुलं तिथे येतात. तुम्ही तिच्यावरून पुढे इथे का येत होता?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तिला तिच्या भाषेत कसं सांगणार? आणि सांगून तरी काय? कळसा काखेत आहे हे फिटरला माहीत होतं. त्याने तो बघूनच वळसा घेतला होता.

पुढचं सगळं वरातीमागून घोडं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, या वेळी खारूला पाठमोरं बसवून. कान होते तेवढेच आहेत, ते म्हणाले. यंत्रांनी चांगलं ऐकू येईल. "पण आधी आला असता तर धाकटी शिकली तशीच ही भाषा हीही शिकली असती. शिकेल आताही. मात्र कष्ट पडतील." व्हिसाचं कुणी नावही काढलं नाही. फिटरने एकदा भीत भीत विचारलं तेव्हा डॉक्टर गोंधळून म्हणाले, "त्याचा कानाशी काय संबंध?"

बाहेर येऊन तो जिन्यात बसला. दोन वर्षं त्याने पोरीला दुसरं काही शिकवलं नव्हतं, फक्त लपायला शिकवलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि बायको शेजारी उभी असूनही 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही याची आणखी जास्त.

घरामागच्या शाळेत खारू गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. निळ्या यंत्राची मुलगी दोन इयत्ता पुढे निघून गेली होती. खारूनेही निळीच यंत्रं मागून घेतली होती. ती कशी चालतात हे फिटरने दवाखान्यातच समजून घेतलं होतं: मागे बॅटरीचं इवलंसं दार, आणि चालू असलं की लुकलुकणारा हिरवा ठिपका. पहिल्या दिवशी आईबापांना तासभर मागे बसायची मुभा होती. बायको भिंगरीला सोडायला गेली होती, म्हणून एकटा फिटर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसला.

गळ्यात माइक घातलेली शिक्षिका खारूच्या मागे जाऊन उभी राहिली. तोंडासमोर वही धरून तिने विचारलं, "माझा आवाज नीट येतोय ना?" खारू नुसती समोर बघत बसली. मग शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं, तशी ती वळली, शिक्षिकेकडे पाहून गोड हसली आणि मान हलवली.

"छान!" शिक्षिका म्हणाली आणि फळ्याकडे निघाली.

फिटरने ते हसू ओळखलं. त्यानेच घडवलेलं होतं. मग त्याने निरखून पाहिलं. दोन्ही यंत्रांवर हिरवा ठिपका नव्हता. बॅटरीची दारं अर्धवट उघडी होती. सकाळी घाईत राहिली असतील, किंवा कुणी मुद्दाम उघडली असतील.

त्या भाषेत त्याला चादर, झडप, पट्टा, तेल हे शब्द पाठ होते. हे वाक्य त्याने दोन वर्षांत कधी जुळवलं नव्हतं. तो उठून उभा राहिला, खुर्ची मागे पडली.

"तिला ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. शिक्षिका परत आली, तिने यंत्रांची दारं हलकेच दाबली. हिरवे ठिपके लागले. खारू दचकली. मग तिचा चेहरा लालबुंद झाला, आणि कितीतरी महिन्यांनी ती एवढं लांब काहीतरी बोलली, मराठीत, मोठ्या आवाजात.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणाला सांगायचं नाही? मी कुणाला नाही सांगितलं. बाईंनापण नाही, भिंगरीलापण नाही. एवढे दिवस. मग तुम्ही का सांगितलंत?"

शिक्षिकेने खारूच्या खांद्यावर हात ठेवला आणि फिटरला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

'काही नाही' हे त्या भाषेतलं वाक्य फिटरला उत्तम यायचं. आल्यापासून तेच तर तो सगळीकडे वापरत होता. ते ओठांवर आलंही. खारू त्याच्या ओठांकडेच बघत होती.

त्याने ते गिळलं. आणि मग तोडक्यामोडक्या भाषेत, अडखळत, पोरगी जे बोलली होती ते सगळंच्या सगळं त्याने त्या अनोळखी मुलांसमोर सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.